भाडे गोठले, मग घर कुठे गेले?

महागाई वाढली की आपल्या निवेदनांत एक ओळ हमखास असते: सरकारने भाव बांधून द्यावेत. कांद्याचे, डाळीचे, रिक्षाचे, घरभाड्याचे. ही ओळ लिहिणाऱ्याची तळमळ खरी असते. महिन्याला पंधरा हजार कमावणाऱ्याचे आठ हजार भाड्यातच गेले, तर त्या घरात महिनाअखेर कशी काढतात हे आपल्याला पुस्तकातून शिकावे लागत नाही. पण भाव बांधल्यावर पाच वर्षांनी काय होते, पन्नास वर्षांनी काय होते, हा प्रश्न निवेदन देऊन बाहेर पडताना कुणी विचारत नाही. आज तो विचारू या. आणि उत्तर शोधायला लांब जायला नको. भेंडीबाजार, डोंगरी, मदनपुरा, नळबाजार इथल्या जुन्या चाळींत ते भिंतीच्या भेगांसकट उभे आहे.

आधी थोडे मूळ पाहू, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. भाव हा एक आकडा असला तरी तो एकाच वेळी दोन कामे करतो. वस्तू थोडी आणि घेणारे जास्त असतील, तर कुणाला मिळेल हे तो ठरवतो. हे काम तो निर्दयपणे करतो, ज्याच्या खिशात पैसा त्याला आधी. दुसरे काम तो गुपचूप करतो: वस्तू कमी पडते आहे, आणखी आणा, आणखी पिकवा, आणखी बांधा, असा निरोप तो पुरवणाऱ्याला पोचवतो. आपला राग पहिल्या कामावर असतो आणि तो योग्यच आहे. पण सरकार भाव बांधते तेव्हा दोन्ही कामे एकदम थांबतात. वाटप दुसऱ्या कुठल्या तरी मार्गाने होऊ लागते आणि निरोप पोचेनासा होतो.

कांद्याचे उदाहरण नाशिक-मालेगावकडच्या वाचकांना नवे नाही. ८ डिसेंबर २०२३ रोजी केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली. हा भाव बांधण्याचाच आडवळणाचा प्रकार. बाहेर जाणारा माल देशातच अडवला की इथला पुरवठा वाढतो आणि भाव खाली येतो. शहरातल्या ग्राहकाला दिलासा मिळाला आणि त्याचे बिल लासलगावच्या बाजार समितीत उभ्या असलेल्या शेतकऱ्याने भरले. मे २०२४ मध्ये बंदी उठली, तरी किमान निर्यातमूल्य आणि ४० टक्के शुल्क मागे राहिलेच. कांद्याची गोष्ट मात्र हंगामाहंगामाने बदलते. आज चुकलेला निर्णय पुढच्या वर्षी दुरुस्त होऊ शकतो. घराचे तसे नसते. घर एकदा बांधले की साठ-सत्तर वर्षे उभे राहते, आणि बांधायचे राहिले की तेही पिढ्यान्‌पिढ्या जाणवत राहते.

मुंबईत भाड्यावर नियंत्रण आणणारा पहिला कायदा १९१८ चा, पहिल्या महायुद्धातला. दुसऱ्या महायुद्धात पुन्हा निर्बंध आले. स्वातंत्र्याच्या वर्षी, १९४७ मध्ये, मुंबई भाडे नियंत्रण कायदा झाला. त्याने ‘प्रमाणित भाडे’ ठरवले. १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे होते तेच कायदेशीर भाडे. जी जागा त्यानंतर प्रथमच भाड्याने दिली गेली, तिचे पहिले भाडे हेच तिचे प्रमाणित भाडे. भाडेकरूला सहज काढता येणार नाही, आणि त्याच्या मृत्यूनंतर सोबत राहणाऱ्या कुटुंबीयाकडे तो हक्क जाईल, अशीही तरतूद होती.

हा कायदा त्या क्षणी चूक होता असे आम्हाला वाटत नाही. युद्धामुळे सिमेंट-लोखंडाची टंचाई होती, फाळणीमुळे निर्वासितांचे लोंढे येत होते, गिरण्यांसाठी माणसे आधीच दाटीवाटीने राहत होती. अशा वेळी भाडे दुप्पट झाले असते तरी रातोरात नवी चाळ उभी राहिली नसती. पुरवठा हलूच शकत नसेल तर वाढलेला भाव निरोप कुणाला देणार? तो फक्त भाडेकरूच्या खिशातून मालकाच्या खिशात पैसा नेतो. संकटाच्या काळात, थोड्या मुदतीसाठी, बांधलेला भाव न्याय्य असू शकतो तो याच कारणाने. म्हणून तर हा कायदा तात्पुरता होता. प्रत्येक वेळी मुदत संपत आली की ती वाढवली गेली आणि तात्पुरता कायदा अर्धशतकाहून जास्त जगला. भाडेकरूंची मते लाखांत, घरमालकांची हजारांत. कुठला आमदार या हिशेबात चूक करेल?

दरम्यान दोन गोष्टी घडल्या. एक, पैशाची किंमत घसरत गेली आणि भाडे तिथेच राहिले. दोन, भाड्याने देण्यासाठी नवीन घर बांधणे हा वेडेपणा ठरला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईत खाजगी मालक चाळी बांधत होते, कारण भाड्यातून भांडवल सुटत होते. १९४७ नंतर पहिले भाडे हेच कायमचे भाडे होणार म्हटल्यावर चाळ कोण बांधेल? मग बांधकाम व्यवसाय मालकीच्या फ्लॅटकडे वळला. सहकारी संस्थांचा कायदा १९६० चा आणि मालकी सदनिकांचा कायदा १९६३ चा, या तारखा इथे लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. १९७३ च्या दुरुस्तीने तर त्या वर्षीच्या १ फेब्रुवारीला लिव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्यांनाही भाडेकरूचे संरक्षण दिले. ज्यांना ते मिळाले त्यांचे भले झाले. ज्यांच्याकडे जास्तीची खोली होती, त्यांनी मात्र कुलूप लावून किल्ली खिशात ठेवली. आर्थिक पाहणी अहवाल २०१७-१८ ने जनगणनेच्या आधारे सांगितले की, मुंबईत सुमारे ४.८ लाख घरे रिकामी आहेत, देशातल्या कुठल्याही शहरापेक्षा जास्त. याच अहवालानुसार भारतातल्या शहरांत भाड्याच्या घरांचे प्रमाण १९६१ मध्ये ५४ टक्के होते, ते २०११ मध्ये २८ टक्क्यांवर आले. या घसरणीला एकटा भाडे कायदा कारणीभूत नाही. गुंतवणूक म्हणून घर घेऊन ठेवणारे आहेत, कोर्टात वीस वर्षे चालणारे खटले आहेत, जमिनीचे राजकारण आहे. पण कायद्याचा वाटा नाकारता येत नाही.

भाड्याचे घर नाहीसे होऊन मालकीचे घर हाच एकमेव मार्ग उरला, त्याची झळ कुणाला बसली? ज्याच्याकडे एकरकमी पैसा नाही त्याला. ज्याला पगाराची स्लिप नाही म्हणून बँक दारात उभी करत नाही, त्या यंत्रमाग कामगाराला, फेरीवाल्याला, जरीकाम करणाऱ्याला. आणि आपल्यातल्या त्या असंख्य कुटुंबांना, जी व्याजाच्या कर्जापासून श्रद्धेपोटी दूर राहतात. ज्या समाजाचा मोठा भाग गृहकर्ज घेत नाही किंवा त्याला ते मिळत नाही, त्या समाजाला भाड्याच्या घरांचा मुबलक पुरवठा इतरांपेक्षा जास्त गरजेचा असतो. भाडे कायद्यावरच्या चर्चेत हे कुणी बोलताना दिसत नाही, आपणही नाही.

भाव बांधला म्हणून तो नाहीसा होत नाही, तो दार बदलतो. मुंबईत त्या दाराचे नाव पागडी. कागदावर भाडे चाळीस रुपये, पण खोली हवी तर आधी काही हजार, पुढे काही लाख रोख. खोली दुसऱ्याला द्यायची तर त्या रकमेत मालकाचा वाटा. २००० सालापर्यंत हा सगळा व्यवहार बेकायदा होता आणि सगळ्यांना माहीत होता. ३१ मार्च २००० पासून लागू झालेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने पागडीला मान्यता दिली. म्हणजे पन्नास वर्षे जो भाव कायद्याने नाकारला, तो शेवटी मागच्या दाराने कायद्यातच येऊन बसला.

इथे पागडीवाल्या भाडेकरूला ‘फुकट राहणारा’ म्हणणाऱ्यांना एक गोष्ट सांगायला हवी. स्वस्त भाड्याचा खरा फायदा झाला तो १९४७ मध्ये खोलीत असलेल्याला. ज्याने १९८५ मध्ये बायकोचे दागिने मोडून पागडी भरली, त्याने त्या स्वस्ताईची पूर्ण किंमत आधीच मोजली आहे. उद्या भाडे बाजारभावाने करा म्हटले, तर त्याच्याकडून एकाच खोलीचे पैसे दोनदा घेतल्यासारखे होईल. चुकीचा कायदा खूप वर्षे टिकला की त्याच्याभोवती माणसांचे प्रामाणिक संसार उभे राहतात, आणि मग तो सरळ उपटूनही टाकता येत नाही.

आता इमारतीकडे या. नव्या कायद्याने एकदा ५ टक्के आणि मग वर्षाला ४ टक्के वाढीची सोय केली. पूर्वी ४० रुपये भाडे असेल तर २००० मध्ये ते ४२ झाले, आणि दरवर्षी ४ टक्के वाढवत २०२५ पर्यंत गेलात तरी साधारण ११२ रुपये होतात. कर आणि उपकर वेगळे धरा. अशा वीस खोल्यांच्या चाळीतून महिन्याला सव्वादोन हजार रुपये येतात. एवढ्यात मिस्त्री आणि बिगारी यांची जेमतेम एक-दोन दिवसांची मजुरी निघेल. सागवानी तुळया बदलायच्या, गच्चीची गळती काढायची, संडासाची सांडपाण्याची पाइपलाइन नवी टाकायची, हे कुठून होणार? मालक म्हणतो, परवडत नाही. भाडेकरू म्हणतो, इमारत माझी नाही, मी का करू? दोघेही आपापल्या जागी बरोबर आणि दोघांच्या मध्ये तुळई कुजत राहते.

सरकारला हे १९६९ मध्येच कळले होते. त्या वर्षी दुरुस्ती मंडळाचा कायदा झाला, जुन्या इमारतींवर उपकर बसवला गेला आणि दुरुस्तीची जबाबदारी मंडळाकडे आली. पुढे हे मंडळ म्हाडात गेले. शहर विभागातल्या १९ हजारांहून जास्त इमारती या उपकराखाली आल्या. भाव बांधल्यामुळे जे काम मालकाने सोडले ते सरकारने अंगावर घेतले, आणि सरकारी तिजोरीलाही ते झेपले नाही. त्यानंतर १९९१ च्या विकास नियमावलीतला ३३(७) हा नियम आला. म्हणजे बिल्डरला जादा चटईक्षेत्र द्यायचे, त्याने वर विकायचे फ्लॅट बांधायचे आणि त्या पैशातून जुन्या भाडेकरूंना नवी घरे द्यायची. जिथे जमिनीला सोन्याचा भाव तिथे हे गणित जमले. जिथे गल्ली अरुंद, भाडेकरू जास्त आणि कागदपत्रे गुंतागुंतीची, तिथे वर्षानुवर्षे ट्रान्झिट कॅम्प.

३१ ऑगस्ट २०१७ च्या सकाळी भेंडीबाजारात पाकमोडिया स्ट्रीटवरची हुसैनी इमारत कोसळली. ३३ माणसे गेली. अशा अपघाताला एकच कारण कधी नसते, आणि त्या ढिगाऱ्याखालून अर्थशास्त्राचा धडा काढणे बरेही दिसत नाही. पण दर पावसाळ्याआधी म्हाडा अतिधोकादायक इमारतींची यादी काढते आणि लोक तरीही घर सोडत नाहीत, हे का होते ते समजून घ्यायलाच हवे. त्या खोलीची पावती हीच त्या कुटुंबाची एकमेव मालमत्ता असते. बाहेर पडलो आणि परत येऊ दिले नाही तर? शहरात तेवढ्या पैशात दुसरे घर नाही. म्हणून माणूस भेगेवर कॅलेंडर टांगतो आणि राहतो.

सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९७ मध्ये मलपे विश्वनाथ आचार्य खटल्यात म्हटले की, भाडे गोठवणाऱ्या या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी झाल्या आहेत. कायद्याची मुदत ३१ मार्च १९९८ ला संपतच होती, म्हणून न्यायालयाने त्या तेव्हाच रद्द केल्या नाहीत. १९४७ मध्ये जे न्याय्य होते ते १९९७ मध्ये अन्याय्य होऊ शकते, हे न्यायालयाला सांगावे लागले.

आता तो मुद्दा, जो आपल्या वाचकांतल्या बहुतेकांना जिव्हारी लागेल. खोली बघायला जाता. दलालाशी फोनवर सगळे ठरलेले असते. नाव सांगितल्यावर थोडी शांतता, मग ‘मालकांच्या नात्यातलं कुणीतरी येणार आहे’. हा अनुभव पुण्यात, ठाण्यात, नवी मुंबईत, सगळीकडे सारखाच. इथे मागणी-पुरवठ्याचा काय संबंध? असा की, ज्या मालकाच्या दारात एका खोलीसाठी दहा जण उभे आहेत, त्याला नावावरून नकार देण्याची किंमत शून्य पडते. अकरावा येतोच. ज्या शहरात खोल्या दहा आणि घेणारे आठ असतील, तिथे नकार देणाऱ्या मालकाची खोली महिनाभर रिकामी राहील आणि त्याच्या पूर्वग्रहाचे बिल त्यालाच भरावे लागेल. टंचाई ही भेदभाव करणाऱ्याची सोय आहे. आणि बांधलेला भाव टंचाई वाढवतो. भाड्याने निवड होत नसेल तर ओळखीने, जातीने, आडनावाने होते; वाटप कुठल्या तरी मार्गाने होणारच.

पण एवढ्यावर थांबलो तर अर्धवट बोलल्यासारखे होईल. आज लिव्ह अँड लायसन्सच्या बाजारात भाडे खुलेच आहे, तरी नकार मिळतोच. पूर्वग्रह काही माणसांना इतका प्रिय असतो की ते तोटा सोसूनही तो पाळतात. शिवाय एकट्या मालकाने ठरवून चालत नाही, सोसायटीची कमिटी आडवी येते. कायदाही फारसा मदतीला नाही. २००५ मध्ये झोरोस्ट्रियन को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एका समाजापुरते सभासदत्व मर्यादित ठेवण्याचा सोसायटीचा नियम मान्य केला. त्यामुळे जास्त घरे बांधा म्हणजे सगळे आपोआप सुटेल, हेही खरे नाही. घरांचा पुरवठा वाढला पाहिजे आणि भाड्याने घर देताना धर्म-जातीवरून नकार देण्याविरुद्ध कायदाही हवा. एकाने दुसऱ्याची जागा भरून निघत नाही.

आपल्या परंपरेत हा वाद फार जुना आहे. मदिनेत भाव वाढले तेव्हा लोकांनी प्रेषितांना भाव ठरवून देण्याची विनंती केली आणि त्यांनी ती मान्य केली नाही, कुणाच्या मालावर अन्याय केल्याचा दावा आपल्यावर राहू नये म्हणून, अशी हजरत अनस यांची रिवायत अबू दाऊद आणि तिर्मिजीच्या संग्रहांत आहे. पण त्याच शिकवणीत साठेबाजीला सक्त मनाई आहे, आणि शहराबाहेर जाऊन बाजारभाव माहीत नसलेल्या व्यापाऱ्यांचा माल वाटेतच घेण्यालाही. चौदाव्या शतकात इब्न तैमिया यांनी हे दोन धागे जोडले. माल खरोखर कमी असेल किंवा माणसे वाढली असतील आणि म्हणून भाव चढला, तर विक्रेत्याला कमी भावाने विकायला लावणे जुलूम. विक्रेत्यांनी संगनमत करून किंवा माल दाबून भाव चढवला, तर त्यांना रास्त भावाने विकायला लावणे हे राज्यकर्त्याचे कर्तव्य. आपल्या निवेदनांतून हा फरकच गायब झालेला असतो. प्रत्येक महागाई आपल्याला साठेबाजी वाटते.

मग मागायचे काय? ‘भाडे बांधा’ याऐवजी काही रुक्ष मागण्या मागाव्या लागतील. गरीब भाडेकरूला मदत करायची तर ती सरकारने करावी, भाड्यात थेट अनुदान देऊन. एका घरमालकाच्या खिशातून ती काढली की इमारत मरते. जुन्या पागडीवाल्यांसाठी पुनर्विकासात मालकीचा ठराविक वाटा आणि लेखी मुदत. २ जून २०२१ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घरासाठी डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्याहून जास्त नको, असे म्हटले आहे. महाराष्ट्राने तो विचारात घेताना भेदभावबंदीचे कलम त्यात घालावे. विद्यार्थी आणि एकट्या कामगारांसाठी वसतिगृहे. कोकणातल्या गावांनी मुंबईत आपल्या माणसांसाठी खोल्या घेऊन ठेवल्या होत्या, दहा-बारा जण एका खोलीत, पाळीपाळीने झोपत. ती सोय दर्जा वाढवून आजही करता येईल.

एक मागणी मात्र सरकारकडे नाही, आपल्याच दारात आहे. सच्चर समितीने २००६ मध्ये नोंदवले की देशात ४.९ लाख नोंदणीकृत वक्फ मालमत्ता आहेत आणि त्यांचे वार्षिक उत्पन्न सुमारे १६३ कोटी रुपये, पुस्तकी किमतीवर २.७ टक्के. बाजारभावाने त्या मालमत्तांची किंमत समितीने १.२ लाख कोटी धरली होती. त्यामागे अतिक्रमण आहे, बेफिकिरी आहे, सरकारी कब्जाही आहे. पण कुठल्याही जुन्या मोहल्ल्यात मशिदीच्या किंवा दर्ग्याच्या गाळ्यांकडे पाहा. गाळेवाला ट्रस्टला महिन्याला दोन-चारशे रुपये देतो आणि तोच गाळा पोटभाडेकरूला वीस-पंचवीस हजारांना लावतो. मधला फरक शिष्यवृत्तीत जायला हवा होता, दवाखान्यात जायला हवा होता, मुलींच्या वसतिगृहात जायला हवा होता. तिथे तो जात नाही, कारण गाळेवाला ट्रस्टींच्या ओळखीचा असतो आणि भाडे वाढवायचा विषय निघाला की ‘जुनी माणसं आहेत, राहू द्या’ असे म्हणून बैठक संपते. पुढच्या जुम्म्याला नमाजनंतर चार जणांनी जाऊन ट्रस्टच्या मुतवल्लींना एवढेच विचारा: आपल्या मशिदीचे गाळे किती, कुणाकडे आहेत, भाडे किती येते आणि ते शेवटचे कधी वाढवले? भाड्याची वही बघायला मागा. नकार मिळाला तर लेखी अर्ज द्या आणि त्याची एक प्रत वक्फ मंडळाला पाठवा.